पहिला मान कोणाच्या हाकेला?

(कलशारोहणाच्या आदल्या सायंकाळी नव्या सभामंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते आपल्याच गावचे असून टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आहेत. देवळातील ध्वनिव्यवस्थेचे काम त्यांनी विनामोबदला करून दिले. – संपादक)



जीर्णोद्धाराच्या खर्चाचा तक्ता गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला. त्यात खालून चौथ्या ओळीत ‘मिक्सर, नग १’ अशी नोंद आहे. ती वाचून महिला मंडळाच्या तिघीजणी माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, “काका, महाप्रसादाच्या वाटणाला एवढा महागडा मिक्सर कशाला? आमचे हात काय मोडलेत?” मी त्यांना इथे आणून कपाट उघडून दाखविले. तेव्हा त्यांतल्या एकीने विचारले, “मग ह्यात वाटायचं तरी काय?”

त्या वेळी आम्ही सगळेच हसलो. परंतु प्रश्न अगदी नेमका होता. ह्या यंत्रात आवाज वाटायचा असतो. कोणाच्या वाट्याला किती आवाज, तो कोणत्या जागी, आणि एखादी हाक आली तर बाकीच्यांनी कोणी गप्प बसायचे, हे ठरविणारे हे यंत्र आहे. ठरवायचे आपणच असते, ते फक्त पाळते. म्हणून समितीने मला ‘चार शब्द’ बोलायला सांगितले तेव्हा मी तारा-खिळ्यांपेक्षा त्या ठरविण्याबद्दलच अधिक बोलावे असे मनाशी धरले आहे. जास्त झाले तर गुरवांनी खुशाल घंटा वाजवावी.

आधी कपाट म्हणजे काय ते सांगतो. मंडपाच्या डाव्या अंगाला, गुरवांच्या खोलीशेजारी भिंतीत लोखंडी कपाट बसविले आहे. त्याला रॅक म्हणतात. ह्यात बसणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या दर्शनी पट्टीची रुंदी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर असते, आणि उंची पावणेदोन इंचांच्या पटीत असते. पावणेदोन इंचांना एक ‘यू’ म्हणायची पद्धत आहे. आपले कपाट बारा ‘यू’चे आहे. टेलिफोन केंद्रांत अशा चौकटींच्या रांगाच्या रांगा असत आणि माझे निम्मे आयुष्य त्यांच्यामधून हिंडण्यात गेले. ह्या मापाचा फायदा असा की, कोणत्याही कंपनीचे यंत्र त्याच भोकांत बसते. उद्या एखादे बिघडले तर चार स्क्रू काढायचे आणि दुसरे बसवायचे. बाकीच्याला हात लावावा लागत नाही. खाली तीन अँप्लिफायर आहेत, कारण ते जड असतात. प्रत्येकाच्या डोक्यावर एक ‘यू’ मोकळा सोडला आहे, तो उष्णता जाण्यासाठी. ती जागा रिकामी दिसते म्हणून तिथे कोणी उदबत्तीचे पुडे ठेवू नयेत. मिक्सर छातीच्या उंचीवर आहे. कपाटाला कुलूप आहे आणि त्याची किल्ली दोघांकडेच आहे. पूर्वी आपले यंत्र नगाऱ्याखालच्या लाकडी स्टुलावर असे. येणारी-जाणारी मुले बटणे फिरवीत, आणि एकदा समईचे तेल त्यात सांडले होते, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.

आता हे सारे कशासाठी, ते सांगायचे तर मला माझीच एक चूक सांगावी लागेल.

२०११ सालच्या चैत्रातल्या यात्रेत माईक माझ्या हातात होता. त्या वेळी एक यंत्र, एक माईक आणि चार कर्णे एवढाच संसार होता. दुपारी चारच्या सुमारास मी देणगीदारांची यादी वाचत होतो. व्यासपीठाच्या पायरीशी परगावचे एक म्हातारे गृहस्थ हातात टोपी धरून उभे होते. मला वाटले, पावती फाडायला आले असतील. मी त्यांना हाताने ‘थांबा’ अशी खूण केली. यादी संपली. मग कोणीतरी चिठ्ठी आणून दिली म्हणून शेवटच्या कुस्तीचे बक्षीस पुकारले. मग गाणे लावले. वीस मिनिटांनी ते गृहस्थ धीर करून वर आले आणि म्हणाले, “साहेब, माझी नात हरवलीय. पाच वर्षांची आहे.”

मी ताबडतोब पुकारले. परंतु गाणे चालूच होते, आणि ते कमी करणारा पोरगा उसाचा रस प्यायला गेला होता. मी गाण्यावरून ओरडलो. पुन्हा ओरडलो. आवाज साऱ्या शिवारात गेला. मुलगी सापडली ती रात्री आठ वाजता, नदीच्या बाजूला पाळण्यांच्या पलीकडे, एका भांडीवाल्या बाईच्या पालात झोपलेली. त्या माउलीने तिला दुपारपासून सांभाळले होते, दूध-पाव खाऊ घातला होता. आम्ही तिला विचारले, बाई, एवढे पुकारत होतो, ऐकू आले नाही का? ती म्हणाली, “कर्णा वाजत होता की. पण काय बोलत होता ते कळत नव्हतं.”

मधले चार तास त्या म्हाताऱ्यांचा चेहरा मी पाहिला आहे. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

त्या दिवशी दोन गोष्टी चुकल्या. हाकेला मान मिळाला नाही, ही एक. आणि हाक गेली ती शब्द घेऊन गेली नाही, ही दुसरी. जीर्णोद्धारात ही व्यवस्था नव्याने करण्याचे ठरले तेव्हा मी समितीला एवढेच म्हणालो की, आवाज वाढवायला माझ्याकडे काही नाही. ह्या दोन चुका दुरुस्त करायच्या असतील तर मी आहे.

माणसे हरवणे ही यात्रेची जुनीच गोष्ट आहे. प्रयागच्या मेळ्यात १९४६ साली राजाराम तिवारी नावाच्या तरुणाने चुकल्या-हरवल्यांसाठी शिबिर काढले. ‘भूले-भटके शिविर’ ह्या नावाने ते प्रसिद्ध आहे. सुरुवातीला हातात पत्र्याचा कर्णा घेऊन पुकारत हिंडत असत, असे सांगतात. २०१६ साली ते वारले, तोवर जवळजवळ सत्तर वर्षे त्यांनी हे काम केले. म्हणजे साधन पत्र्याचे असले तरी चालते, पण पुकारणे हे दुय्यम काम नव्हे, हे त्यांना कळले होते. आणि हरवण्याहून वाईट प्रसंगही येतात. वाई तालुक्यातल्या मांढरदेवला २५ जानेवारी २००५ रोजी यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक माणसे गेली. गर्दीत पुढे काय झाले ते मागच्याला कळत नाही आणि तो रेटत राहतो, हे दुखणे कोणत्याही यात्रेला आहे. आपलीही यात्रा आता लहान राहिलेली नाही.

तर मिक्सर. आपण सगळे पाटाच्या पाण्यावर वाढलेली माणसे आहोत, म्हणून त्याच भाषेत सांगतो. मिक्सरला सहा तोंडे आहेत, सहा ठिकाणांहून त्यात पाणी येते. पहिले तोंड गुरवांच्या खोलीतल्या पुकारण्याच्या माईकचे. दोन माईक कीर्तनकार-प्रवचनकारांसाठी, एक पेटी-पखवाजासाठी, पाचवे गाणे वाजविणाऱ्या यंत्राचे, आणि सहावे मोकळे, पाहुण्यांसाठी. बाहेर पडायला तीन दारे आहेत: हा मंडप, बाहेरचे आवार आणि भोजनगृह. कोणत्या दाराने किती सोडायचे, ते दारे धरणाऱ्याने ठरवायचे.

पण सहाही तोंडांचे पाणी सारखे नसते. माईकमधून येणारी वीज व्होल्टच्या काही हजाराव्या भागाइतकी असते. गाण्याच्या यंत्रातून येणारी व्होल्टच्या घरातली असते. एक झरा आहे आणि एक मोटार आहे. म्हणून प्रत्येक तोंडाशी एक छोटा स्क्रू दिलेला असतो, त्याने आधी ह्या साऱ्यांना एका पातळीवर आणावे लागते. माईकपुढे माणसाला त्याच्या नेहमीच्या मोठ्यात मोठ्या आवाजात बोलायला लावायचे, तांबडा दिवा लागू लागला की स्क्रू थोडा मागे घ्यायचा. हे एकदाच करायचे. इथे कमी ठेवले आणि पुढच्या बटणाने ओढून घेतले तर आवाजाबरोबर सूं-सूं येते, इथेच जास्त ठेवले तर आवाज फाटतो आणि मग पुढे कितीही कमी करा, फाटलेला तो फाटलेलाच कमी होतो. आजवर आपण सप्ताहात जो फाटका आवाज ऐकत आलो त्यातला बराचसा कर्ण्याचा दोष नव्हता, ह्या तोंडाशीच झालेला होता. पुढच्या बटणांवर मी पुतणीकडून नखरंग मागून आणून तांबडे ठिपके दिले आहेत. बटणाची रेघ ठिपक्याला लावली की झाले. ह्यापेक्षा अवघड काही गुरवांना करावे लागणार नाही.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या तोंडाला अग्रहक्क आहे. त्या माईकच्या बुडाशी बटण आहे. ते दाबले की बाकीची तोंडे आपोआप खाली जातात, दोन सुरांची घंटी वाजते आणि मग बोलायचे. बटण सोडले की गाणे तीन-चार सेकंदांत हळूहळू पूर्वीच्या जागी येते. कोणी रस प्यायला गेला तरी अडत नाही. हेच काम बटणाशिवाय, नुसत्या आवाजावर होण्याचीही सोय यंत्रात आहे. ती मी आठ दिवस लावून पाहिली. गुरव खोकले की भजन बंद पडू लागले, म्हणून काढून टाकली.

ह्या अग्रहक्कावरून समितीत दोन बैठका वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. आमच्या ज्येष्ठ कीर्तनकारांनी विचारले, “मी पूर्वरंग सोडवीत असताना तुम्ही मोटारसायकल हलवा म्हणून पुकारणार काय?” त्यांचे म्हणणे बरोबर होते. तेव्हा असे ठरले की आवाराला व भोजनगृहाला वेगळी बटणे असावीत आणि कीर्तन चालू असताना साधे पुकारणे त्या दोन ठिकाणीच जावे. मंडपासह सर्वत्र जाणारे बटण तांबडे आहे, त्यावर झाकण आहे. ते उघडायचे चारच कारणांसाठी: हरवलेले माणूस, डॉक्टरची गरज, आग, आणि गर्दीचा धोका. त्या वेळी कीर्तनकार थांबतील. “नुसता थांबणार नाही, मीही शोधायला निघेन,” असे तेच म्हणाले.

देणगीदार मंडळी समोर बसली आहेत, म्हणून पुढचे तोंडावरच बोलतो. देणगीदारांची यादी यात्रेच्या दिवशी माईकवरून वाचायची नाही असेही ठरले आहे. आपली नावे मंडपाच्या शिलापटावर कोरली आहेत आणि ह्या स्मरणिकेत छापली आहेत. ती नातवंडे वाचतील. कर्ण्यावर वाचलेले नाव पाळण्यांच्या कर्रकर्र आवाजात विरून जाते, आणि तेवढ्या वेळात पायरीशी कोणी टोपी हातात धरून उभा असतो. कोणास वाईट वाटले असेल तर दोष माझा, समितीचा नव्हे. ठराव मीच मांडला होता.

आता दुसरी चूक, शब्द न पोचण्याची.

आपले चार कर्णे कोणी दिले ते सर्वांना ठाऊक आहे. आपल्याच गावच्या, मुंबईला गिरणीत आयुष्य काढलेल्या गृहस्थांनी १९८९ साली वडिलांच्या स्मरणार्थ दिले. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने वडिलांचे नाव होते. दोन देवळावर आणि दोन वेशीवर. त्या काळी हीच पद्धत होती आणि ती दिली तेव्हा साऱ्या गावाला आनंद झाला होता, मीही त्यात होतो.

अडचण अशी आहे की आवाज एका सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. देऊळ ते वेस १७० मीटर आहे. म्हणजे वेशीपाशी उभ्या माणसाला वेशीवरचा कर्णा आधी ऐकू येतो आणि देवळावरच्या कर्ण्याचा तोच शब्द अर्ध्या सेकंदाने येतो. अर्ध्या सेकंदात आपण दोन-तीन अक्षरे बोलतो. एक ‘मुलगी’ संपते न संपते तोच दुसरी ‘मुलगी’ तिच्या अंगावर येऊन पडते. भांडीवाल्या बाईचे पाल ह्या दोन्हींच्या मध्ये होते. शिवाय उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. लांबच्याला ऐकू जावे म्हणून तो वाढवावा तर जवळच्या घरांची कौले हालायची. देवळाला लागून ज्यांचे घर आहे त्या वहिनींच्या सासूबाई दोन वर्षे अंथरुणाला खिळून होत्या, आणि कर्ण्याचे तोंड त्यांच्या खिडकीकडे होते. वहिनींनी कधी तक्रार केली नाही. देवाचे आहे, कसे बोलायचे, एवढेच त्या मला नंतर म्हणाल्या.

आणि मंडपातली गोष्ट वेगळीच. आपण खाली ग्रॅनाईट घातला, भिंतींना फरशी लावली, वर घुमट केला. दिसायला मंडप देखणा झाला आहे. पण काम पुरे झाले त्या दिवशी रिकाम्या मंडपात मी टाळी वाजविली आणि घड्याळ लावले, तो नाद विरायला तीन सेकंद लागले. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली असेच झाले होते. नव्या इमारतीतल्या व्याख्यानाच्या खोलीत बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही आणि विद्यार्थ्यांना काही कळत नसे. वॉलेस सॅबाईन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. त्यांनी जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्रीच्या रात्री वाहून आणल्या, मांडल्या, मोजले, पुन्हा पहाटेपूर्वी परत नेल्या. कठीण दगड आवाज परत फेकतो आणि मऊ वस्तू तो गिळते, किती गिळते ह्याचे गणित त्यांनी बसविले. आज सगळ्या जगात सभागृहे त्या गणितावर बांधतात. आपल्यालाही नव्या सतरंज्या त्याचसाठी घेतल्या आहेत, केवळ बसण्यासाठी नव्हे. आणि मंडळी, माणूस हीसुद्धा चांगली गादी आहे. आत्ता आपण इतकेजण बसला आहात म्हणून माझे बोलणे स्वच्छ ऐकू येत असेल.

म्हणून मोठे कर्णे थोडे, ह्याऐवजी लहान स्पीकर पुष्कळ आणि जवळ जवळ, असे केले. मंडपाच्या खांबांवर आठ उभट स्पीकर आहेत. त्यांचा आवाज आडवा पसरतो, वर-खाली फारसा जात नाही, म्हणजे घुमटाला कमी आणि बसलेल्या माणसांना जास्त मिळतो. आवारात सहा लहान कर्णे आहेत, ते आत वळवून, खाली तोंड करून. भोजनगृहात चार पेट्या. वेशीवर आता काही नाही. नदीकडे मात्र यात्रेपुरती स्वतंत्र तार टाकून दोन स्पीकर लावण्याची सोय ठेवली आहे, कारण पाळणे तिकडेच उभे राहतात.

कर्णे देणारे ते गृहस्थ गेल्या दिवाळीला आले होते. मी त्यांच्या घरी गेलो. कर्णे उतरवायचे म्हणजे वडिलांचे नाव उतरवायचे, तेव्हा विचारल्याशिवाय हात लावायचा नाही असे मी समितीला सांगितले होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अण्णांना शेवटी शेवटी ऐकू येत नव्हतं. कीर्तनाला येऊन नुसते बसायचे. म्हणून मी मोठ्यात मोठे कर्णे घेतले होते.”

ही गोष्ट मला माहीत नव्हती. वयपरत्वे कान जातात तेव्हा आधी उंच, बारीक सूर जातात. स, श, त, क, च ह्या अक्षरांची धार त्याच बारीक सुरांत असते. म्हाताऱ्या माणसाला आवाज येतो पण शब्द येत नाही तो ह्यामुळे. त्यात कर्णा ओरडला आणि मंडप घुमला की उरलीसुरली धारही बुजते. त्यांना आवाज मोठा नको असतो, स्वच्छ आणि जवळ हवा असतो. मी त्यांना देवळात नेले आणि गुरवांना गावातली दहा आडनावे आधी कर्ण्यावरून आणि मग दुसरी दहा खांबावरच्या स्पीकरवरून वाचायला सांगितली. त्यांचेही वय आता पंचाहत्तर आहे. कर्ण्यावरची निम्मी नावे त्यांनी चुकीची लिहिली, खांबावरची एक. कागद त्यांनी दोनदा पाहिला. मग स्वतःच म्हणाले, उतरवा. मंडपाच्या उत्तरेकडच्या खांबाशी म्हातारी मंडळी बसतात, तिथल्या स्पीकरचा घोगरा सूर मिक्सरवर मुद्दाम कमी ठेवला आहे आणि त्याच्याखाली त्यांच्या वडिलांच्या नावाची पितळी पट्टी आहे. एक कर्णा ते आठवण म्हणून मुंबईला घेऊन गेले.

तारांविषयी थोडे, कारण खर्चाच्या तक्त्यात तार बारीक कशी, असा प्रश्न आला होता. महावितरणची मोठी लाईन जास्त दाबाने येते आणि वस्तीपाशी डीपीवर तो दाब उतरवितात. आपले तसेच आहे. अँप्लिफायरमधून १०० व्होल्टची लाईन निघते आणि प्रत्येक स्पीकरच्या पाठीशी छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. मंडपातले आठ स्पीकर दहा-दहा वॅटवर लावले आहेत, म्हणजे ८० वॅट. १०० व्होल्टवर त्याला पाऊण अँपिअरच्या किंचित वर वीज पुरते. तेच काम साध्या चार ओहमच्या जोडणीने केले असते तर जवळजवळ साडेचार अँपिअर लागले असते आणि निम्मा आवाज तारेतच जिरला असता. अँप्लिफायर १२० वॅटचा आहे, म्हणजे थोडी जागा शिल्लक आहे. ती शिल्लक पाहून कोणी आणखी स्पीकर जोडू नये. आणि लग्नाच्या मांडवातला साधा स्पीकर ह्या लाईनला कधीही लावू नये. तो जळेल, कदाचित अँप्लिफायरही घेऊन जाईल.

संगीत काय लावायचे ह्यावर मी बोलू नये, पण बोलतो. सकाळी आणि सायंकाळी अर्धा-अर्धा तास सनई, ती इतकी हळू की शेजारच्याशी बोलताना आवाज चढवावा लागू नये. बाकी वेळ काही नाही. देवळात घंटेचा आवाज विरताना ऐकू आला पाहिजे असे मला वाटते. सिनेमाच्या चालीवरची भक्तिगीते ज्यांना आवडतात त्यांनी ती घरी ऐकावीत. एक नियम मात्र पक्का: मिक्सरला मोबाईल जोडायचा नाही. गेल्या श्रावणात काय झाले ते सर्वांनी ऐकले आहे. अभंग संपता संपता केसांच्या तेलाची जाहिरात लागली, आणि ती बंद करेपर्यंत ज्याचा मोबाईल होता त्याच्या सासऱ्यांचा फोन आला. सनई आता पेनड्राईव्हवर आहे.

कायद्याचेही बघावे लागते. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो लावता येत नाही. शासन जे दिवस जाहीर करील, वर्षात जास्तीत जास्त १५, त्या दिवशी रात्री १२ पर्यंत सवलत असते. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. काकड्याला म्हणून माईक नाही. काकड आरती आपल्या आजोबांच्या वेळी माईकवाचून होत होती आणि लोक उठत होते. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत आवाराचे दार पूर्ण बंद राहील.

राखण्याच्या गोष्टी गुरवांना व शाळेतल्या ज्या दोन मुली हे शिकल्या आहेत त्यांना मी वहीत लिहून दिल्या आहेत. लावताना मिक्सर आधी, अँप्लिफायर शेवटी. बंद करताना अँप्लिफायर आधी. नाहीतर धाडकन आवाज येतो आणि स्पीकरला मार बसतो. वळवाचे ढग आले की मुख्य प्लग काढून ठेवायचा. स्पीकरमधून हूं असा आवाज येऊ लागला तर काही लोक प्लगची अर्थिंगची पिन मोडून टाकतात. आवाज जातो खरा, पण अर्थिंगही जाते, आणि तो माईक उद्या कोणाच्या तरी ओल्या हातात असणार आहे. असे कोणी करू नये, मला बोलवावे. माईक स्पीकरच्या समोर धरला की शिट्टी येते. तेव्हा बटण फिरवू नका, माणसाला मागे सरकवा.

आणि पुकारायचे कसे? माईक तोंडापासून चार बोटे. फुंकायचे नाही, टिचकी मारायची नाही, ‘हॅलो हॅलो’ नाही. सावकाश बोलायचे आणि दोनदा सांगायचे. मूल सापडले तर त्याचे पूर्ण नाव, कपड्यांचा रंग हे सगळे सांगून टाकायचे नाही. ‘एक मूल सापडले आहे, गुरवांच्या खोलीपाशी या’ एवढेच सांगायचे आणि बाकीची ओळख येणाऱ्याकडून घ्यायची. कोणीही येऊन ‘माझेच’ म्हणाला तर देऊन टाकायचे काय? आणि पायरीशी कोणी उभा असेल तर आधी त्याला विचारायचे.

माझे बोलणे इथे संपले. एक काम मात्र राहिले आहे. आरती झाल्यावर लगेच घरी जाऊ नका. ह्या दोन मुली माईकवरून दहा नावे वाचतील. तुम्ही मंडळी सगळीकडे पसरा: पायऱ्यांवर, पिंपळाच्या पारावर, भोजनगृहात, वहिनींच्या अंगणात. नाव ऐकू आले नाही, किंवा वाजवीपेक्षा मोठे ऐकू आले, तर तसे येऊन सांगा. भोजनगृहाच्या मागे, जिथे भांडी घासायला बसतात, तिथे माझी अजून खात्री नाही. नळाच्या आवाजात शब्द पोचतो की नाही ते पाहायचे आहे. तिथे कोण जाईल?